सिस्टर, सायकल आणि न सांगता येणारं दुखणं

अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करायची, हे सिस्टरचं काम. रोज नऊ-दहा घरं, सगळी सायकलवरून. वय पन्नाशीपार, पण पायाला भिंगरी. त्यांच्या देखरेखीखालच्या पेशंटच्या पाठीला पडून पडून जखम झाली, असं अठरा वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना ऐकवायच्या.

त्या वर्षी नदीपलीकडची वस्ती त्यांच्याकडे आली आणि रोजचं अंतर दुप्पट झालं. पंधरा दिवसांत जांघा सोलवटल्या. मग बैठकीच्या जागी एक गळू आलं. सांगणार कुणाला? नवऱ्याच्या कानावर घातलं, तर त्याने त्याच संध्याकाळी सीटवर घालायला जाडजूड मऊ कव्हर आणलं.

"बस, राणीसारखी!" तो म्हणाला.

राणी दोन दिवसांत रडकुंडीला आली. मऊ गादीत त्या रुतायच्या, मधला भाग वर यायचा आणि नको तिथेच जास्त घासायचं.

तिसऱ्या दिवशी त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तर निवृत्त शिक्षक, कंबरेखाली लुळे, जीभ मात्र शाबूत. सिस्टरनी नेहमीसारखं त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसून कोरडी केली, चादरीची चुणी काढली.

"बसा की," मास्तर म्हणाले.

"उभीच बरी आहे."

"तीन दिवस बघतोय. चालताय पण फेंगड्या. मला दम देता, एका जागी भार नको, ओल नको, घासणं नको. स्वतःला काय वेगळी कातडी आहे?"

सिस्टरना हसू आवरेना. अठरा वर्षं ज्या तीन गोष्टी त्या घरोघर घोकून घेत होत्या, त्याच तीन गोष्टी सायकलवर त्यांना छळत होत्या!

मास्तरांकडून त्या तडक सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. मिस्त्री चाकाचे आरे आवळत बसला होता.

"काका, सीट घासते. गळू आलंय. मी लाजत नाही, तुम्हीही लाजू नका."

मिस्त्रीचे कान लाल झाले, पण गडी कामाचा. त्याने सिस्टरना सायकलवर बसवलं आणि मागून बघितलं.

"ताई, पेडल मारताना कंबर डुलतेय. म्हणजे सीट उंच आहे. आणि पुढून वरही उचललीय." त्याने सीट बोटभर खाली घेतली, सपाट केली. मग बाकड्यावर खोक्याचा जाड पुठ्ठा टाकला. "यावर जरा बसून उठा."

पुठ्ठ्यावर बुडाच्या दोन हाडांचे दोन खळगे उमटले. त्याने पट्टीने अंतर मोजलं आणि त्या मापाची, थोडी कडक, मागे रुंद अशी सीट काढून दिली. "भार हाडांवर पडला पाहिजे, मांसावर नाही," तो म्हणाला. हे वाक्य सिस्टरना फार आवडलं.

उरलेलं त्यांनी स्वतः केलं. गळू फोडलं नाही. सहकारी बाईशी वस्त्या बदलून घेतल्या आणि गळू बसेपर्यंत आठवडाभर जवळची घरं पायी केली. ज्या पायजम्याच्या चार शिवणी नेमक्या मधोमध एकत्र यायच्या, तो उसवून तिथे सलग कापडाचा तुकडा लावला. दुपारी घामट कपडे बदलण्यासाठी पिशवीत कोरडा जोड ठेवला. घासणाऱ्या जागी निघण्याआधी मलमाचा पातळ थर. आणि वाटेत दर थोड्या वेळाने पेडलवर उभं राहायचं, खड्डा असो वा नसो.

महिनाभर नदीपार जाऊन-येऊन कातडी शाबूत राहिली, तेव्हा सिस्टर दवाखान्याच्या मासिक बैठकीत उभ्या राहिल्या. सायकलवर फिरणाऱ्या चौदा बाया समोर, डॉक्टरसाहेब खुर्चीत.

"आज विषय बुडाचा आहे," सिस्टर म्हणाल्या.

खसखस पिकली. डॉक्टरसाहेब कागदात डोकं घालून बसले. सिस्टर मात्र खणखणीत आवाजात सगळं सांगत राहिल्या, जखमेच्या वर्णनासकट. हसू हळूहळू थांबलं. मागच्या रांगेतून एका बाईने हात वर केला.

"मला दोन वर्षं होतंय. मला वाटलं, फक्त मलाच."

"मलाही," दुसरी म्हणाली.

मग तिसरी. डॉक्टरसाहेबांनी बैठकीचे बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलले, आणि सिस्टरनी बाकावर पुठ्ठे अंथरायला घेतले.