पापलेटात तिरफळ

रविवारी सकाळी आठ वाजता मी लालबागच्या मच्छी मार्केटमध्ये उभी होते... एकटी, आयुष्यात पहिल्यांदा. चोवीस वर्षांची झालेय, पण मासे आणणं आणि करणं हे आमच्याकडे फक्त आईचं डिपार्टमेंट.

आईला गेल्या महिन्यात डेंग्यू झाला. ताप गेला, प्लेटलेट्स वाढल्या, रिपोर्ट नॉर्मल... पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दोन चमचे पेज घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काहीही विचारा, उत्तर एकच. "ठीक आहे."

शनिवारी डॉक्टरांनी तिचं वजन बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, सोमवारपर्यंत नीट जेवायला लागल्या नाहीत तर अ‍ॅडमिट करून सलाईन लावू. आई त्यावर पण म्हणाली, "ठीक आहे."

आता मी म्हणजे अगदी फालतू गोष्टींवर खूश होणारी मुलगी. धुतलेली कडक बेडशीट, चहात बुडवूनही न तुटलेलं बिस्किट, चाळीच्या गॅलरीत सकाळी पंधरा मिनिटं येणारं ऊन... माझा मूड एवढ्यावर सेट होतो. शनिवारच्या आधीचा आठवडाभर हेच सगळं आईवर ट्राय करून झालं होतं.

बेडशीट बदलली. दादरहून मोगरा आणून तिच्या उशाशी वाटीत ठेवला. तिची आवडती जुनी गाणी लावली, उन्हात खुर्ची टाकली. ती बिचारी माझ्यासाठी दहा मिनिटं उन्हात बसली आणि परत आत जाऊन झोपली. मोगऱ्याबद्दल विचारलं तर, "ठीक आहे."

मग शेवटचा उपाय म्हणजे मासे. आमचं मूळ गाव कुडाळकडे, त्यामुळे माशावर सगळ्यांचाच विश्वास.

मासळीवाल्या मावशींनी मला बघूनच ओळखलं, गिऱ्हाईक कच्चं आहे. मी बांगड्यांकडे बोट केलं तर म्हणाल्या, "कोनासाठी? आजारी मानसासाठी? मग बांगडा कशाला गो पोरी, पापलेट ने. काटा कमी, पोटाला हलका." मी लगेच मान डोलावली. तुकडे पण त्यांनीच करून दिले.

घरी येऊन पापलेटाच्या मालवणी कालवणाचा एक व्हिडिओ लावला. खोबरं, मिरची, धणे... वाटण झालं, आमसुलं पडली, कालवण उकळायला लागलं. पण वास काही आईच्या कालवणासारखा येईना.

बराच विचार केल्यावर लक्षात आलं... तिरफळ! आईच्या कालवणाला त्याच उग्र मसाल्याचा तर वास असतो. व्हिडिओवाली ताई तिरफळ घालायला विसरली, असं मला अगदी मनापासून वाटलं. घरातला डबा रिकामा होता, म्हणून खाली मसाल्याच्या दुकानात धावत जाऊन तिरफळं आणली. ठेचून चांगली आठ-दहा टाकली. त्या ताईच्या व्हिडिओखाली कमेंट पण करणार होते.

दुपारी आईला भिंतीला टेकवून बसवलं आणि ताट वाढलं. बाबांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं, खाली मान घालून दुसरा घेतला.

आईने भात कालवला, घास घेतला... आणि थांबली. बोटाने ताटात काहीतरी शोधायला लागली. मला वाटलं, काटा लागला.

"ह्यां काय गो?" आईने तिरफळ उचलून माझ्यासमोर धरलं. "पापलेटात तिरफळां कोण घालता? बांगडो वाटलो तुका?"

एक सांगते. आई आमच्याशी साधं मराठीच बोलते. मालवणी बाहेर येते ती फक्त गावी मावशीला फोन लावल्यावर, किंवा डोकं फिरल्यावर.

मी म्हटलं, "पण आपण नेहमी घालतो ना?"

"बांगड्यात घालतंव! पापलेटाची चव मारून टाकलंस सगळी. इतको महाग मासो..." मग बाबांकडे वळून, "आणि तुमी? गप गिळतास? जीभ आसा काय नाय?"

बाबा म्हणाले, "मला पहिल्याच घासाला कळलेलं. पोरगीने एवढ्या हौसेने केलं, म्हणून गप बसलो."

"हौस! इंग्लिश मिडियमात घातलंव तिका, माशे शिकवचे रवले!"

खरं तर चूक माझी पण नाही. आमच्याकडे नेहमी बांगडेच असतात, पापलेट फक्त पाहुणे आले की. पण हे बोलायची माझी हिंमत नव्हती, आणि इच्छा पण नव्हती. मी नुसती हसत बसले होते.

कारण चव मारली हे कळायला चव लागते ना... तीन आठवड्यांनी तिला काहीतरी लागत होतं. आणि बोलता बोलता ती जेवत होती. एकेक तिरफळ काढून ताटाच्या कडेला ठेवायची, मला एक वाक्य ऐकवायची, घास घ्यायची.

"हसतंस कित्याक?" आईने विचारलं.

मी अजून थोडा भात वाढला. तिने तो पण कालवला. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तिखट जास्त झालंय. तिखट अजिबात जास्त नव्हतं.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, अ‍ॅडमिट करायची गरज नाही, असंच खात राहा. मंगळवारी आई स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली आणि तिच्या देखरेखीखाली मी बांगड्याचं कालवण केलं. वाटण जाडं झालं, आमसुलं कमी पडली, गॅस मोठा होता, पदर... सॉरी, ओढणी नीट खोचली नव्हती.

सध्या सकाळ-संध्याकाळ ओरडा खातेय. घरात सगळं एकदम मस्त चाललंय.