भंडाऱ्यातल्या गोळ्या

रविवार हा आमच्या बिरोबाचा वार, आणि नेमका सोमवारीच माझ्या वडिलांना श्वास पुरत नसे. मेंढरं राखता राखता जन्मभर ज्याचं नाव घेतलं, त्याने नव्वदी उलटल्यावर अशी शिक्षा द्यावी? मला देवाचा राग यायचा, आणि त्या रागाची भीतीही वाटायची.

आबा बारामतीजवळच्या वृद्धाश्रमात होते. कळसला घरी मी एकटी. त्यांना उचलणं मला झेपेना. हृदय थकल्यामुळे त्यांच्या पायांत आणि छातीत पाणी साचायचं. डॉक्टर म्हणाले होते, "या वयात हृदय नवं होणार नाही. श्वास सुखाचा राहील एवढं बघू." म्हणून जेवणात मीठ कमी, रोज वजन आणि साचलेलं पाणी उतरावं म्हणून सकाळी लघवीची गोळी. तरी सोमवारी पाय सुजलेलेच. मी उगाच मिठावरून स्वयंपाकाच्या बायांवर तोंडसुख घेतलं.

एका रविवारी आबांच्या कपाळाला भंडारा लावायला त्यांची पिशवी उघडली, तर हळदीत माखलेल्या गोळ्या हाताला लागल्या.

"आबा, ह्ये काय?"

"आरतीला देवाम्होरं बसल्यावर धोतर वलं झालं तर? इटाळ व्हईल. रविवारची गोळी न्हाय घेत मी."

डायपर बांधते म्हटलं, तर तोंड फिरवलं. मी समजावलं, रडले, आबा ढिम्म. तेवढ्यात, पलीकडे कुणाला तरी भेटायला आलेली एक म्हातारी जवळ आली. ओळख ना पाळख. आबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आबा, लेकरू मांडीवर मुतलं म्हून आई त्याला खाली टाकती व्हय? मग बिरोबाला आईची माया न्हाय का?"

आबांनी तिच्याच हातून गोळी घेतली. आरतीत धोतर भिजलं, पण जोडलेले हात सुटले नाहीत. ती बाई कुणाकडे आली होती, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. मी तिला बिरोबाने धाडलेली मानते. कुणी हसलं तर हसो.

पुढचे सोमवार सुखाचे गेले. पण थकलेलं हृदय किती ओढणार? शेवटच्या दुपारी डॉक्टरांनी हॉस्पिटलचं विचारलं, तर आबा म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ द्या." आडवं पडवत नव्हतं, म्हणून मी खाटेवर बसून त्यांना मांडीवर ओढून छातीशी टेकवून घेतलं. थोड्या वेळाने मांडीला ओल लागली. त्यांनी ओशाळून माझ्याकडे पाहिलं.

"असू द्या आबा," म्हटलं आणि मी हलले नाही. त्यांनी शांतपणे डोळे मिटले, ते मिटलेच.

बाप गेल्याचं दुःख आजही सरत नाही. पण देवावरचा राग गेला. आता मागणं एकच: बिरोबा, माझी वेळ येईल तेव्हा तुझ्या मांडीवर पडताना मला लाज वाटू देऊ नकोस.