दादाच्या पसंतीचे गरम झरे

"दादाले थंडी वाजली असन का?"

हे मी जपानमध्ये सगळ्यांना विचारलं. पोलिसाला, डॉक्टरला, दादाचा दोस्त संतोष याला.

दादा नागानोच्या डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यावर बांधलेल्या एका हॉटेलात कामाला होता. छपरावरचा बर्फ ओढायला खाली उभा राहिला आणि सगळा थर त्याच्या अंगावर आला. तो त्यातच गेला. तो मला तिकडं बोलावणार होता, म्हणून माझा पासपोर्ट तयार होता. मग मीच गेलो, त्याला आणायला.

तिथं जाळायलाही नंबर लागतो. नंबर येईपर्यंत संतोष मला दादाच्या आवडीचे झरे दाखवत फिरला. संतोष आपल्या मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. प्रत्येक झऱ्यावर त्याच्याकडं दादाचा एक किस्सा होता. किस्सेही बर्फासारखेच साचतात. एक सरकला की बाकीचे अंगावर येतात.

*

दादाच्या पसंतीत एक नंबर हॉटेलातलाच झरा. पाणी दुधासारखं पांढरं.

मी चड्डी घालून हौदात उतरायला गेलो. संतोषनं मागून धरलं.

"काढ ते. इथं सगळे तसेच उतरतात."

समोर कोणाचे आजोबा, कोणाचे साहेब, सगळे उघडे बसलेले. माझी मान वर होईना.

"तू तरी बरा म्हन," संतोष म्हणाला. "तुह्या दादानं तर आतमंदी बसून साबन लावला होता."

हौदभर फेस झाला. सगळं पाणी सोडून हौद घासावा लागला. मग हॉटेलच्या मालकीणबाईनं त्याला बाहेर पाटावर बसवून शिकवलं. साबण बाहेर लावायचा, फेस पूर्ण काढायचा, आणि उतरण्याआधी पहिलं पाणी पायांवर ओतायचं, म्हणजे चटका बसत नाही.

दादा संतोषला म्हणाला, "पायाचं तं आमच्या मायनंच शिकवलं हाय. एवढ्यासाठी मी जपानले आलो का?"

*

दुसऱ्या झऱ्याला सडक्या अंड्याचा वास येतो. सगळ्या गावालाच येतो. झऱ्याच्या पाण्यात गंधक असतो, हे दादाला माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्याला वाटलं, गॅस लीक झाला. त्यानं हॉटेलच्या किचनमधले सगळे सिलिंडर बंद केले आणि बाहेर बर्फ पडत असताना सगळ्या खिडक्या उघडल्या. पाहुणे जेवायला बसलेले.

"सगळ्यांचा जीव वाचवला गड्यानं," संतोष म्हणाला. "जेवन मात्र थंडं केलं."

*

तिसरा झरा उकळतो. त्यात कोणी उतरत नाही. जाळीच्या पिशवीत अंडी, भाजी घालून लोक पाण्यात सोडतात. दादानं तिथून व्हिडिओ कॉल केला होता. लोक सोयाबीनच्या हिरव्या शेंगा उकडून खात होते.

बाबा आमच्या मालेगावजवळच्या शेतात उभे होते. चारी बाजूंनी सोयाबीन.

"मानसं खातात? सोयाबीनच्या शेंगा?"

"मीठ लावून, बाबा. बिअरसंग."

दुसऱ्या दिवशी बाबांनी शेंगा तोडून आणल्या, उकडल्या आणि पारावर बसून खाल्ल्या. बघायला अर्धं गाव जमलं. बाबा म्हणाले, "चव बरी हाय. भाव तोच राहीन."

*

माकडांचा झरा मी शेवटी पाहिला. भोवती बर्फ, आणि लाल तोंडाची माकडं गळ्यापर्यंत गरम पाण्यात डोळे मिटून बसलेली. हे दादानं सांगितलं तेव्हा मी त्याला खोटारडा म्हणालो होतो.

मी मायला फोन लावून दाखवलं. तिनं माकडांना हात जोडले. मग म्हणाली, "दादाले थंड्या पान्यानं आंघोय घालू देजो नको. लहानपनापासून सहन होत नाही त्याले."

*

नंबर आला त्या दिवशी मी दादाला पाहिलं. अंत्यविधीच्या माणसांनी त्याला पुसून, पांढरे कपडे घालून पेटीत ठेवलं होतं. छातीवर आणि पोटावर धूर निघणाऱ्या कोरड्या बर्फाच्या लाद्या, देह टिकावा म्हणून.

मी त्या हातानं उचलून फेकल्या. तळहात भाजल्यासारखे झाले.

"बर्फ काहून ठेवला? बर्फानंच मारलं ना त्याले!"

तिथली माणसं मागं सरकली. एकानं समजावलं, आंघोळ झाली आहे. संतोषनं ते मला मराठीत सांगितलं. मी म्हणालो, "माय म्हनते, ऊन पानी पायजे."

संतोषनं ते सोबत आलेल्या मालकीणबाईला सांगितलं. ती तशीच उठून बाहेर गेली.

परत आली ती हॉटेलच्या गाडीतून. दुधाच्या असतात तशा मोठ्या कॅन, वरून पांघरुणं गुंडाळलेली. झाकण काढलं तर वाफ आली. पाणी पांढरं होतं. तिनं पदरचा साबण आणि हौदावरची लाकडी तपेली माझ्या हातात दिली, आणि दादाचं डोकं स्वतःच्या हातावर धरलं.

मी साबण लावला. फेस पूर्ण काढला.

मग तपेली भरली आणि पहिलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं.