कर्जाच्या टेबलावरचा घरना माणूस

अक्का गेली तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिचा मोठा मुलगा माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "हे घर आम्हाला नानांनी मिळवून दिलं." मी हातात चहाचा कप धरून बसलो होतो. लोकांनी मान डोलावली, एकाने मला नमस्कारही केला. त्या नमस्काराचा राग अजून जात नाही. तो राग कुणावर काढायचा हेही कळत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी जळगावात एका इस्टेट एजंटकडे नोकरीला होतो. हायवेच्या पलीकडे शेतं एनए, म्हणजे बिगरशेती, होऊन कॉलन्या उठत होत्या. शेठचं ऑफिस दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शेठ, भिंतीवर नकाशे आणि हवेपेक्षा आवाजच जास्त फेकणारा कूलर. मागच्या खोलीत माझं टेबल. त्याला सगळे कर्जाचं टेबल म्हणत.

शेठची एक युक्ती होती. विकायच्या सगळ्या घरांच्या किल्ल्या तो स्वतःकडे ठेवत नसे, माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लावी. घर आतून बघायचं तर माणसाला आधी माझ्यासमोर बसावं लागे. पगार किती, घरात कोण कोण, पैसे कुठून उभे करणार, हे सगळं बोलणं झाल्यावर किल्ली. आणि ज्याने आमच्या ओळखीच्या पतसंस्थेचं कर्ज घ्यायला होकार दिला नाही, त्याच्या वेळेला किल्ली सापडत नसे. पतसंस्थेचा एक संचालक शेठच्या नात्यातला होता. तिथलं व्याज बाहेरच्यापेक्षा जास्त, वर सल्ल्याची फी वेगळी. घर विकल्याचं एक आणि कर्ज मिळवून दिल्याचं दुसरं, असं दोन्हीकडून शेठला मिळे. त्यातलं थोडं मला.

मला ठेवलं होतं ते हिशेब येतो म्हणून नव्हे. हिशेब येणारे पुष्कळ होते. माझा जन्म फैजपूरचा, आजोळ शिरपूरकडचं. त्यामुळे यावल-रावेरचं गिऱ्हाईक आलं की मी त्यांच्यासारखा बोलायचो आणि धुळ्याकडचं आलं की अहिराणीत. माणूस खुर्चीत टेकला की मी पहिला प्रश्न गावाचाच विचारी, "कोणता गावना शेतस भाऊ?" त्याने गाव सांगितलं की त्या गावाची एखादी सोयरीक, एखादी जत्रा, एखादी विहीर मला आठवे. नाही आठवली तर मी आठवल्यासारखं करी. मग वाक्य ठरलेलं होतं, "घरना माणूस म्हणीसन सांगस." घरचा माणूस म्हणून सांगतो. बँकेचा साहेब खुर्चीतून मान वर न करता बोलतो आणि इथे आपल्या भाषेत कोणी घरना माणूस बोलतोय, एवढ्यावर माणूस पाघळायचा. शेठ हसून म्हणे, "नाना, तुमची जीभ म्हणजे आपली दुसरी शाखा आहे."

अक्काचा मोठा मुलगा वरणगावच्या फॅक्टरीत होता. गाव शिरपूरजवळचं. अक्काच्या कमरेखालचं बळ गेलेलं, धरून धरून चार पावलं चालायची. जिना तिला शक्य नव्हता. आमच्या रो-हाउसच्या ओळीत सगळ्यांचे संडास-मोरी वर, फक्त कोपऱ्यातल्या घराला खाली एक मोठी खोली आणि तिला लागून आणखी एक संडास-मोरी. मुलाला तेच घर हवं होतं. घर कोणासाठी घ्यायचं तेही पहिल्याच दिवशी त्याने मला सांगून टाकलं, "नाना, मायसाठीच लेवानं शे."

त्याने हे सांगायला नको होतं. पण मी घरना माणूस होतो ना.

त्याला फॅक्टरीतून घरासाठी कर्ज मिळणार होतं. कमी व्याजाचं, पगारातून कापून जाणारं. फक्त कागद वरून मंजूर होऊन यायला काही महिने लागणार होते. शेठने मला पुढच्या खोलीत बोलावलं.

"काय म्हणतोय?"

"फॅक्टरीचं कर्ज घेतो म्हणतो. थांबा म्हणतो."

"थांबलं तर आपल्याला काय मिळणार? त्याला सांगा, दुसरी पार्टी आहे."

"कोण आहे दुसरी पार्टी?"

"नाना, तुम्ही टेबलावर नवीन आहात का?"

कोपऱ्यातलं घर कित्येक महिने रिकामं पडलं होतं. इतरांपेक्षा महाग असल्याने तिकडे कोणी बघतही नसे. मी मागे गेलो आणि त्याला सांगितलं की एक डॉक्टर हे घर मागताहेत. त्याचा चेहरा उतरला. बरोबर त्याची बायको होती. ती म्हणाली, "थांबू या ना हो. व्याज बघा जरा." मला तिचाच राग आला. एवढं जमत आलेलं बोलणं ती विस्कटत होती. मी तिच्याकडे न बघता त्याला तोवर घर हातचं जाईल अशी भीती घातली, "फॅक्टरीना कागद कव्हय येई, काय माहीत? तवलोंग घर जाई. घरना माणूस म्हणीसन सांगस, आयुष्यभर मायले उचलत बसशीन." त्याने बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "तुम्ही सांगतस तं बराबरच व्हई."

मी ड्रॉवर उघडून किल्ली दिली.

वास्तुशांतीला वरण-बट्टी होती. अक्का खालच्या खोलीत खाटेवर बसलेली. तिने मला जवळ बोलावून माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू नसता तं आमले कोण दारशी उभं करतं?"

पुढे हप्ते सुरू झाले आणि त्याला ते झेपेनात. वर्ष संपायच्या आत खालची खोली भाड्याने द्यावी लागली. रस्त्यावरची, मोरी असलेली, तिलाच भाडं चांगलं येत होतं. घर वर गेलं. चूल गॅलरीत आली. अक्काला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून वर नेलं, पुढची काही वर्षं ती दवाखान्याशिवाय खाली आली नाही. मी कधी गेलो की गॅलरीतून तिचा आवाज यायचा, "घरना माणूस उना, चहा ठेवा." मग मला विचारायची, "नाना, खाले काय चालू शे?" खालचं म्हणजे त्यांच्याच घराच्या दारातलं. मी जिना उतरताना दर वेळी ठरवायचो की पुढच्या वेळी खरं सांगू. शेठची नोकरी मी सोडली ती त्यानंतर थोड्याच दिवसांत. पण सोडताना कारण सांगितलं तब्येतीचं.

नव्वदचं दशक सरता सरता अक्काच्या धाकट्या मुलाने धुळ्यात तळमजल्यावरचा फ्लॅट बघितला. अक्काला तिकडे नेऊ, निदान तिला अंगणात बसता येईल, असं त्याच्या मनात होतं. मोठा मला म्हणाला, "नाना, तुम्ही चला. तुम्हाला यातलं कळतं." आम्ही दोघे एसटीने गेलो, धाकटा तिथेच होता.

तिथल्या एजंटकडेही मागच्या खोलीत टेबल होतं. त्यावरच्या तरुण माणसाने धाकट्याकडे हसून बघितलं आणि विचारलं, "कोणता गावना शेतस भाऊ?"

धाकटा शाळेत शिक्षक होता, बँकेचं कर्ज त्याला सरळ मिळत होतं. मी मध्ये पडलो. "बँकेकडून घेऊ दे. फ्लॅट कुठे जात नाही."

टेबलावरचा म्हणाला, "आजोबा, जातो. एक पार्टी परवापासून मागे लागलीय."

"कोण पार्टी? नाव सांगा."

तो नुसता हसला. मोठा माझ्याकडे वळून म्हणाला, "नाना, आमचंही असंच होतं. तुम्ही तेव्हा टेबलावरून कर्ज करून दिलं म्हणून तर घर मिळालं." आणि भावाला म्हणाला, "यांना विचार."

म्हणजे माझ्याविरुद्ध साक्षीला मीच उभा. मग मी एकदाचं बोललो. "तेव्हा दुसरी पार्टी नव्हती. मी खोटं सांगितलं होतं. अक्का वर राहते ती माझ्यामुळे."

टेबलावरच्याने पेनचं टोपण काढलं, घातलं. मोठ्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. पण तो हळू आवाजात म्हणाला, "नाना, घरनी गोष्ट घरमाच बोलतस. परक्यांसमोर नही." आणि टेबलावरच्याला म्हणाला, "यांचं मनावर घेऊ नका. आमच्या अक्कासाठी यांचा जीव तुटतो."

धाकट्याने तिथेच कर्जाच्या कागदावर सही केली.

परतीच्या एसटीत मी पुन्हा विषय काढला. मोठा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "झालं ते झालं." पुढेही मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्याने चहा मागवला. त्याला ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतं तर मायला वर न्यावं लागलं ते कोणाच्या शब्दावर घेतलेल्या कर्जापायी, हे त्याला रोज जिना चढताना आठवलं असतं. हे मला समजतं. समजून माझी चिडचिड कमी होत नाही.

अक्का धुळ्याला थोडे दिवस राहिली. हप्त्यासाठी धाकटा संध्याकाळी शिकवण्या घेऊ लागला, सून नोकरीला लागली, आणि दिवसभर तिला धरून अंगणात न्यायला कोणी उरलं नाही. ती परत जळगावला आली. पुन्हा खुर्ची, पुन्हा जिना. शेवटही वरच झाला.

अहिराणीत बोललो की मी त्यांना घरना माणूस वाटतो, म्हणून हे पुस्तकी मराठीत लिहितो आहे. कोपऱ्यातलं घर रिकामं होतं. डॉक्टर नव्हता. मोठ्याच्या बायकोचं बरोबर होतं. फॅक्टरीचा कागद येईपर्यंत ती किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली असती, तिला कोणी हात लावला नसता, आणि अक्का खाली राहिली असती.