इंजिन जालन्यात, आवाज वस्तीवर

आधीच सांगून ठेवतो, या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो. कुणाला बाई दिसली, कुणाचं दार वाजलं... वाचतो, हसतो अन् झोपतो. आमच्या रस्त्यावर एक चिंच आहे, तिच्याखाली कुणी थांबत न्हाई. मी रोज तिथंच गाडी लावून डबा खातो, कारण सावली चांगली पडते. तेव्हा हे लिहिताना मलाच लाज वाटून राह्यली. पण बायको म्हणली, लिहून टाका एकदाचं, घरात तेच तेच ऐकून माझे कान किटले.

मी दुधाची गाडी चालवतो, पिकअप. परतूर तालुक्यात आष्टीकडच्या वस्त्यांवरून दोन टाइम दूध गोळा करायचं अन् वाटूरला डेअरीत पोचवायचं, हे माझं काम. पोरगी झाली त्या वर्षी गाडी घेतल्ती, आता पोरगी कॉलेजात आहे. मीटर साडेचार लाखावर बंद पडलं. त्यानंतर गाडी किती पळाली ते तिलाच माहीत.

या गाडीला एक आवाज होता. इंजिनात वरच्या बाजूला टॅपेट म्हणून भाग असतो, तो ढिला झाला की टकटक करतो. माझ्या गाडीचं एक टॅपेट कितीदा बसवलं तरी महिन्याभरात पुन्हा सुरू... टक, टक, टक. त्यात सायलेन्सर तारेनं बांधलेला, त्याची वेगळी घरघर. मला त्या आवाजाचा लई राग यायचा. पण वस्तीवरची माणसं त्याच आवाजावर चालायची. उन्हाळ्यात दूध बाहेर ठेवलं तर नासतं, म्हणून आधी कुणी निघत न्हाई. कॅनॉलच्या वळणावर माझी टकटक ऐकू आली की मंगच घरातून निघायचं, अन् मी पोचेपर्यंत सगळे बराबर रस्त्यावर. माझा हॉर्न वर्षभर बंद होता. पासिंगला गेल्तो तेव्हा मला कळलं!

सगळ्यांच्या पुढं धोंडाबाई मावशीची किटली असायची. मावशी सत्तरीच्या पुढची, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याशेजारच्या खोलीत, एकटी राहते. एक म्हैस, दोन लिटर दूध, किटलीच्या तोंडाला धुतलेलं फडकं. तिचं माप आधी, मंग बाकीच्यांचं, हा वस्तीचाच नियम. मी गाडी उभी केली की ती म्हणायची, "लई खोकून राह्यली रे तुझी गाडी. तिला दवाखान्यात ने एकदा."

यंदाच्या उन्हाळ्यात न्यावंच लागलं. काळा धूर निघायला लागला, ऑइल प्यायला लागली, अन् महिन्यात दोनदा रस्त्यात बंद पडली. दुसऱ्या वेळेला पूर्ण भरलेली होती. दुसरी गाडी येईपर्यंत निम्म्या कॅनांमधलं दूध नासलं. वस्तीवर मला कुणी शब्दानं बोललं न्हाई, पण दोन घरांनी दुसऱ्या डेअरीच्या माणसाला विचारून ठेवलं, हे माझ्या कानावर आलं. अजून एकदा असं झालं असतं तर माझी लाईन गेली असती.

जालन्याला रफिकभाईंच्या गॅरेजला गाडी लावली. माझी गाडी त्यांच्याशिवाय कुणी खोललेली न्हाई. त्यांनी इंजिन उतरवलं, मोजमाप केलं अन् हात पुसत माझ्यापाशी येऊन बसले.

"भाऊ, इंजिन का ब्लॉक खतम हो गया. दोन बार घासून झाला, आता घासायला जागाच न्हाई. आत नव्या नळ्या बसवून देतो म्हणाल तर देतो, पण गॅरंटी बिलकुल न्हाई. मेरी मानो, इंजिनच बदला."

त्यांच्या पाहण्यात एका अॅक्सिडेंटच्या गाडीचं इंजिन होतं, कमी चाललेलं. मी हो म्हणलो. मन होत नव्हतं, पण डोक्याला पटलं होतं. वस्तीच्या ग्रुपवर टाकलं – आज संध्याकाळी गाडी न्हाई, दुधाला घरीच विरजण लावा, उद्या सकाळी माझ्या मेव्हण्याची गाडी येईल.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजून गेल्ते. इंजिन टेबलावर उघडं, पिस्टन एका ट्रेमध्ये, क्रँक खाली गोणपाटावर. मी चहा पीत होतो. वस्तीवरून, दूध घालणाऱ्या भीमरावचा फोन.

"काय राव, न थांबता कसे गेले?"

"कुठं?"

"आता वळणावर गाडी वाजली ना तुमची. म्हणलं, झाली वाटतं लवकर. कॅन घेऊन आलो तर तुम्ही न्हाईच. आम्ही काय येडे म्हणून उभे हौत का इथं?"

मला वाटलं चेष्टा चालू आहे. म्हणलं, गाडी माझ्यासमोर बिनइंजिनाची उभी आहे. तो म्हणला, मंग सात घरची माणसं रस्त्यावर काय हवा खायला आली का? मागून बाकीच्यांचाही आवाज येत होता. मला खरंच राग आला. टेबलावरच्या इंजिनाचा फोटो काढला अन् ग्रुपवर टाकला. तो फोटो अजून आहे माझ्याकडं, पाच वाजून चौदा मिनिटांचा.

थोड्या वेळानं भीमरावचा पुन्हा फोन आला. आवाज पार बदलला होता.

माझ्याशी बोलून झाल्यावर माणसं परतायला निघाली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सगळे आले, पण मावशीची किटली न्हाई. असं कधीच झालं नव्हतं. सगळे गप झाले, तेव्हा आखाड्याकडून बारीक हाक ऐकू आली. मावशी गोठ्यात पडलेली होती. दुपारी म्हशीला पाणी पाजताना पाय घसरला, खुबा मोडला, अन् तेव्हापासून पत्र्याखाली तशीच... बादली जवळच, पण हात पुरत नव्हता. त्याच रात्री तिला जालन्याला सरकारी दवाखान्यात आणलं.

सकाळी मी तिला पाहायला गेलो. डॉक्टर म्हणले, या वयात, या उन्हात, रात्रभर राहिली असती तर सांगता आलं नसतं. अन् राहिलीच असती की! त्या संध्याकाळी कुणी रस्त्यावर येणारच नव्हतं. मीच सगळ्यांना येऊ नका म्हणून कळवलेलं होतं. हे तिथंच माझ्या ध्यानात आलं.

मावशी हळूच बोलली. "ओरडून ओरडून गळा सुकला, मंग गप पडले. आज गाडी न्हाई, भीमानं सांगितल्तं. तरी आवाज आला बघ तुझा. म्हणलं, आता माणसं निघतील. मंग पुन्हा ओरडले."

मी म्हणलो, "मावशी, गाडी थांबली न्हाई म्हणतात सगळे."

"कोण म्हणतं? उभी होती की. बंद नव्हती केली तू. माणसं आली तवर उभी होती."

मी पाण्याचा तांब्या तिच्या हाताला येईल असा सरकवला.

तिथून गॅरेजला आलो. अॅक्सिडेंटच्या गाडीचं इंजिन दारात येऊन पडलं होतं, स्वच्छ धुतलेलं. रफिकभाईंनी विचारलं, चढवू का? मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले न्हाईत. जुन्या ब्लॉकवर हात ठेवून ऐकत राहिले.

"जुन्यातच नळ्या बसवून द्या," मी म्हणलो.

"भाऊ, ये दिल की बात है. ब्लॉक को ये सब मालूम न्हाई. भरी गाडी रस्त्यात उभी राहिली तर?"

"मंग तुम्हालाच फोन करीन."

त्यांनी मान हलवली अन् कामाला लागले. चार दिवसांनी इंजिन चढलं. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली, अन् इतकी मऊ चालायला लागली की मला ओळखू येईना. रफिकभाईंनी टॅपेटसुद्धा एकदम बराबर बसवलं होतं. बिलकुल टकटक न्हाई. पंधरा वर्षं मी ज्यासाठी भांडलो ते काम त्या दिवशी झालं होतं.

मी म्हणलो, "एक टॅपेट थोडं ढिलं करा."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पाना उचलला अन् ढिलं करून दिलं.

मी खूप विचार केला. दुसरी कुणाची तशीच गाडी गेली असेल. असेलही. पण त्या वेळेला कुणीच गाडी पाहिली न्हाई, सगळ्यांनी फक्त ऐकली. बाकीच्यांना ती पुढं गेल्यासारखी वाटली, एकट्या मावशीला उभी. इंजिन बदललं असतं तर शहाणपणाचं झालं असतं, हे मला आजही मान्य आहे. अजून गाडी बंद पडलेली न्हाई, पुढचं सांगता येत न्हाई. अन् तो आवाज कुणाचा? तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, मी वाद घालणार न्हाई.

मावशी आता काठी घेऊन चालते. रस्त्यापर्यंत यायला तिला पहिल्यापेक्षा वेळ लागतो. किटली भीमराव आणतो, पण सगळ्यात पुढं तिचीच असते. मी माप घेतो अन् गाडी चालूच ठेवतो. डिझेल जळतं, मागचे घाई करतात. ती बांधावरून येताना दिसेपर्यंत मी काही बंद करत न्हाई.