हिंगोलीत शिकवलेला समुद्र

हिंगोलीच्या कॉलेजात समुद्र शिकवायचा, हे खूळ प्रेमदास राठोडलाच सुचू जाणे. इतिहासाचा मास्तर, औंढ्याजवळच्या बंजारा तांड्यातला. त्याचं म्हणणं असं, की समुद्र एकट्या भूगोलवाल्यांच्या मालकीचा नाही. बंदरं इतिहासात, मालाची ने-आण कॉमर्सात, मासे प्राणिशास्त्रात, मग सगळ्यांनी मिळून एकच विषय का शिकवू नये? स्टाफरूमात टिंगल व्हायची, "सर, जहाज कयाधू नदीत सोडता का?" प्रेमदास चिडायचा. "तुमच्या पणज्याच्या ताटातलं मीठ आमच्या बैलांच्या पाठीवरून आलं," म्हणायचा, "ते काय कयाधूत पिकलं होतं?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी विद्यापीठानं एका वर्षापुरती मंजुरी दिली. अट एकच, वर्गाची सहल समुद्रावर जायला हवी, आणि निम्म्याहून जास्त पोरं गेली नाहीत तर विषय बंद.

वर्ग भरला तो तांड्यातल्या पोरांनी. मिठाची गोष्ट त्यांच्या घरचीच ना. पण पोरींना इतक्या लांब कोण सोडणार? तो घोर प्रेमदासच्या बापानं मिटवला. हिरासिंग म्हणजे तांड्याचा नायक, त्याचा शब्द खाली पडत नसे. "म्या सोबत चाललो," एवढंच तो बोलला. खरं तर त्यालाही जायचंच होतं. वाडवडलांनी जिथून मीठ भरलं ते पाणी एकदा बघू दे, असं म्हातारा येता-जाता म्हणायचा.

भूगोलाचे शिवहार सर म्हणाले, पौर्णिमेचं उधाण दाखवू. ती नेमकी होळीची पौर्णिमा निघाली. प्रेमदासनं वर्गात सांगून टाकलं, "होळी पेटली की निघायचं. तांड्याच्या लोकांनी औंढ्याच्या स्टँडवर यायचं." पोरांनी माना डोलावल्या.

होळीच्या संध्याकाळी बस औंढ्याला येऊन थांबली. गावातल्या होळ्या पेटल्या, विझत आल्या, तरी तांड्यातलं कुणी दिसेना. ड्रायव्हर कुरकुरायला लागला. शिवहार सर म्हणाले, "एखाद्याला मोटरसायकलवर धाडू या." पण प्रेमदासचं डोकं फिरलं होतं. वर्षभर ज्यांच्यासाठी राबलो त्यांना गाणीबजावणी प्यारी, आणि बाप तरी कुठे वेगळा निघाला! "चला," तो म्हणाला, "ज्यांना गरज न्हाई त्यांच्यासाठी थांबायचं काहून?"

शहरातल्या चार पोरांना घेऊन बस गेली. दुसऱ्या दिवशी भरतीचं पाणी बंधाऱ्यावर आदळत होतं. पोरं भिजली, हसली, आणि प्रेमदास लांब एकटाच फुगून बसला.

परत आल्यावर वर्गात मीना उभी राहिली. हट्टा गावाकडची, तांड्यात मावशीकडे राहून शिकणारी पोरगी. "सर, आमी आलो होतो की," ती म्हणाली. "पहाटे होळी पेटली अन् तसेच निघालो, भाकरी बांधून. नायक म्होरं होते. उन्हं डोक्यावर येवस्तोर स्टँडवर बसलो."

तेव्हा कुठे प्रेमदासला आठवलं. तांड्यात रात्रभर लेंगीची गाणी म्हणतात आणि तांबडं फुटताना होळी पेटवतात. लहानपणापासून तो वसतिगृहात राहिला, पुढे नोकरीला शहरात, आणि शहरातली सांजेची होळी त्याच्या अंगात इतकी मुरली की घरची होळीच तो विसरून गेला. पोरांना ते बोलून दाखवायचं सुचलंच नाही. नायकाच्या लेकाला होळी कधी पेटते हे कोण सांगणार? आणि उधाण तर पौर्णिमेनंतरही दोन-तीन दिवस राहतं. ते त्याच्याच वर्गात शिकवलेलं होतं. सकाळी निघाले असते तरी काही बिघडलं नसतं.

जूनमध्ये विषय बंद झाला. तांड्यातल्या पोरींची नावं पुन्हा कुठल्या सहलीला लागली नाहीत. प्रेमदासला त्याचंही दुःख होतंच, पण बापासमोर जायला त्याला दिवाळी उजाडली.

"बापू, आपण दोघं जाऊ," तो म्हणाला. "मी नेतो तुमाला."

हिरासिंगनं मान हलवली. "राहू दे आता. गुडघे ऐकत न्हाईत." रागावला असता तर प्रेमदासला बरं वाटलं असतं.

"मला एकदा सांगायचं होतंस, लेकरा," म्हातारा म्हणाला. "तुज्यासाठी म्या तांड्याची होळी सांजच्यालाच पेटवली असती."