एखाद दिवस नाय आलं तर?

जुन्या नोकरीतल्या शेखभाईंचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. समोर एक बाई बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून माझ्यावर खेकसत होत्या. शेखभाई एवढंच म्हणाले, "मॅडम, अपने सेक्रेटरी गए." मी त्या बाईंची बॅग तशीच सोडली आणि बोर्डिंग पास हातात दिला. त्यांना वाटलं, आपण जिंकलो. सेक्रेटरी म्हणजे आमच्या युनियनचे गाडेकरभाऊ. पडेगावच्या रस्त्यावर वाळूजला जाणाऱ्या शिफ्टच्या बसची वाट बघत उभे होते. उभ्याउभ्याच खाली बसले, ते उठलेच नाहीत. चोपन्न हे काय जायचं वय आहे? महिना होऊन गेला आता. आम्ही स्टेशनवर बावीस जण होतो. त्यातले अंत्यविधीला मोजून चौघं आले, मला धरून. बाकीच्यांना कामं होती म्हणे. कामं! ... आणि त्यांना नावं ठेवायला मी तरी कोण लागून गेले, ते पुढे कळेलच.

स्टेशन म्हणजे चिकलठाण्याचा विमानतळ. विमान कंपनीतली माणसं विमानतळाला स्टेशनच म्हणतात. त्यामुळे फुलंब्रीकडच्या भाऊंच्या गावात बरीच वर्षं लोक समजत होते की विठ्ठल रेल्वेत लागलाय, आणि जो तो त्यांच्याकडे रिझर्वेशनचं काम घेऊन यायचा. भाऊ कुणाला सांगत बसायचे नाहीत, स्वतः जाऊन तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे. घर मेंढपाळाचं. वडील मेंढरं आत घेताना दोन-दोनच्या जोडीनं मोजायचे, तशा भाऊ विमानात चढणाऱ्या बॅगा मोजायचे. नुसते ओठ हलायचे. एकदा माझा कॉम्प्युटर एक बॅग जास्त दाखवत होता आणि भाऊ म्हणत होते, नाही. विमान खोळंबलं, साहेब तापले, तीनदा सामान खाली काढलं. भाऊंचंच बरोबर निघालं. मीच एक टॅग दोनदा छापला होता. साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? भाऊ म्हणाले, मशीनचं काय खरं असतं साहेब. मी गप्प बसले. गप्प बसायची सवय मला तेव्हापासूनचीच म्हणायची.

सामान चढवणाऱ्या लोडर लोकांनी त्यांना युनियनचं स्थानिक सेक्रेटरी केलं, ते भांडखोर होते म्हणून नव्हे, तर रजेच्या अर्जापासून दवाखान्यापर्यंत कुणाच्याही कामाला धावायचे म्हणून. पुढे कंपनीनं जमिनीवरची सगळी कामं ठेकेदाराला द्यायची टूम काढली. काउंटर, सामान, शिडी लावणं, सगळंच. मुंबईत युनियननं बरीच रस्सीखेच केली आणि करार झाला. मोठ्या शहरांतली कामं वाचली. लहान स्टेशनांसाठी एक कलम होतं, इंग्रजीत. या स्टेशनला कंपनीचं विमान रोज येत असेल तोवर इथलं काम बाहेर दिलं जाणार नाही. आमचं विमान रोज येत होतं, वर्षानुवर्षं येत होतं. स्थानिक सेक्रेटरीनं सही करून कागद त्याच दिवशी परत पाठवायचा होता. भाऊ दहावी शिकलेले, इंग्रजी अक्षरं लावत वाचायचे. म्हणून ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी इंग्रजी माध्यमातली, स्टेशनवरची एकटी, आणि त्याचा तोरा मला भरपूर होता. काउंटर उघडायला दहा मिनिटं होती. मी भराभरा वाचून अर्थ सांगितला. भाऊंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, एखाद दिवस नाय आलं तर?"

मी हसले. म्हटलं, भाऊ, धुक्यानं एक विमान चुकलं म्हणून कुणी करार मोडतं का? करा सही. त्यांनी बोट लगेच उचललं नाही. मग सही केली, वळणदार, मराठीत.

पुढं दीड वर्षानं हिवाळ्याचं नवं वेळापत्रक आलं, त्यात मंगळवार नव्हता. आठवड्यातला एक दिवस विमान नाही! आणि आम्ही शहाण्या माणसांनी काय केलं असेल? कँटीनमध्ये भजी मागवली. वर्षानुवर्षं सणवार न बघता राबलेली माणसं, आम्हाला वाटलं, देव पावला. मी तर मंगळवारी माहेरी जायचे बेतही आखले. भाऊंनी भज्याला हात लावला नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, तो कागद पुन्हा एकदा वाचता का? मी वाचला. त्यात ‘रोज’ असं होतं, आणि विमान आता रोज येत नव्हतं. महिन्याच्या आत कामं ठेकेदाराला दिल्याची नोटीस लागली. भाऊ मुंबईला जाऊन युनियनच्या पुढाऱ्यांना भेटले. पुढारी माणूस वाईट नव्हता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं की बावीस जणांसाठी आख्खी कंपनी बंद पाडता येत नाही, आणि गाडेकर, सही तुमची आहे. कामगार खात्यात गेले, वकिलाकडे गेले. सगळीकडे तोच कागद पुढे यायचा आणि त्यावर तीच सही.

गारखेड्यात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत आमची शेवटची सभा झाली. काय काय बोलले लोक! ज्यांच्या पोरांच्या ॲडमिशनला भाऊ धावले होते तेही बोलले. एकजण उठला आणि म्हणाला, अडाणी माणसाला सेक्रेटरी केलं की दुसरं काय होणार, एवढा एक शब्द कळला नाही याला. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर पर्स घट्ट धरून. आता भाऊ सांगतील, कागद कुणी वाचला ते. ठेकेदार काउंटरवर कुणाकुणाला ठेवणार याची यादी बनत होती, माझी लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि घरात कमावणारी मी एकटी. भाऊंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "चूक माझी हाय. सही म्या केली." आणि खाली बसले. मी उठले नाही. एवढंच करायचं होतं मला, उठून एक वाक्य बोलायचं होतं. नाही उठले.

यादीत माझं नाव आलं. तेच काउंटर, फक्त अंगावरचं जाकीट बदललं. युनियनच्या सेक्रेटरीला कोण ठेकेदार घेणार? भाऊ वाळूजला एका गोदामात लागले, तेही ठेक्यावरच. जुने सोबती रस्त्यात दिसले तर तोंड फिरवायचे. कुणी लग्नाची पत्रिका दिली नाही. एकदा क्रांती चौकात मला भेटले. मला वाटलं, आता बोलावं... पण त्यांनीच लेकीची चौकशी केली, नोकरी लागली म्हटल्यावर इतके खूश झाले की मी लेकीचंच बोलत राहिले. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तेरावं झाल्यावर पडेगावला त्यांच्या घरी गेले. पुढची एकच खोली, खिडकीच्या कट्ट्यावर शाळेची एक वही. वहिनी म्हणाल्या, गोदामातली पोरं सहीचे कागद आणायची, तर हे म्हणायचे, थांबा, आधी वाचू. म्हणून या वयात इंग्रजी शिकायला बसायचे, जेवण झाल्यावर, शेजारच्या मास्तरकडून शब्द लिहून आणून. मी वही चाळली. एकेक इंग्रजी शब्द पाच-पाच वेळा गिरवलेला, पुढे मराठीत अर्थ. मी एकच शब्द शोधत होते, करारातल्या ‘रोज’चा. तो कुठंच नव्हता. मग मला राहवलं नाही. मी वहिनींना सगळं सांगितलं, कागद कुणी वाचला, सही करा कुणी म्हटलं. रडलेही, खोटं कशाला बोलू.

वहिनींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. त्या सभेच्या दिशीच सांगितलं व्हतं त्यांनी. म्हणले, ताईच्या लेकीचं शिक्षण चालू हाय, तिचं नाव कुठं काढू नको." मी हात जोडले, तर त्यांनी ते खाली केले. "पर मला सांगून काय व्हतंय, ताई? म्या त्यांना अडाणी म्हणलंच नव्हतं. ज्यांनी म्हणलं, त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. आपण बावीस होतो. भाऊ गेले आणि मी ही अशी. उरलेल्या वीस जणांच्या घरी वर्तमानपत्राची ही पुरवणी येते की नाही, मला ठाऊक नाही. ज्याच्याकडे येते त्यानं ज्याच्याकडे येत नाही त्याला वाचून दाखवा. तो करार गाडेकरभाऊंना कळला नव्हता, हे खोटं आहे. सही करायच्या आधी त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं. मी हसले होते.